विस्तवाची शिल्लक

आगीशी माझा संबंध तसा सहीपुरता. आमच्या शाखेत माझ्या काउंटरच्या डाव्या अंगाला भिंतीवर एक लाल नळकांडं टांगलेलं आहे. ते आग विझवायचं यंत्र आहे असं त्याच्यावर लिहिलेलं आहे, आणि ते कसं वापरायचं हे चित्रांसकट छापलेलंही आहे. पण ती चित्रं गेल्या कित्येक वर्षांत कुणाच्या दृष्टीस पडलेली नाहीत. कारण पासबुक भरायला येणारी मंडळी हातातल्या पिशव्या त्या नळकांड्यालाच अडकवतात. वर्षातून एकदा एक माणूस येतो, त्याच्यावर नवी चिठ्ठी डकवतो आणि माझी सही घेतो. 'यंत्र तपासले' असं मी लिहून देतो. तपासले म्हणजे, ते जागेवर आहे एवढं पाहिलं. बी.कॉम.ला ऑडिट हा विषय घेतल्याचा आयुष्यात झालेला उपयोग तो एवढाच.

मी राहणारा फैजपूरचा. फैजपूरचा माणूस परक्या माणसाला भेटला की पहिल्या पाच मिनिटांत 1936 सालावर येतो. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन आमच्याकडे झालं, अध्यक्ष पंडित नेहरू होते, गांधीजी आले होते आणि नंदलाल बोसांनी बांबू-तट्ट्यांतून आख्खं टिळकनगर सजवलं होतं, हे तो अशा थाटात सांगतो की बांबू यानेच धरला होता असं वाटावं. पुढच्या पाच मिनिटांत तो वांग्यावर येतो. बामणोदचं वांगं, असोद्याचं वांगं, त्याचा तो फिकट हिरवा रंग, हातात धरल्यावर लागणारं वजन आणि आत बी जवळजवळ नाहीच! जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हाला आनंद झाला, पण आश्चर्य वाटलं ते इतका उशीर का लागला याचं.

बांबूच्या त्या नगरात डिसेंबरच्या वाऱ्यात एवढ्या माणसांच्या चुली कुणी आणि कशा सांभाळल्या असतील, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. तो मागच्या डिसेंबरात पडला. त्याचीच ही हकीगत.

आधी भरीत म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण पुण्या-मुंबईकडे वांगं गॅसवर भाजून त्याला भरीत म्हणायची पद्धत आहे. आमच्याकडे भरीत शेतात होतं. दिवाळी उलटली, थंडी पडली आणि कपाशी वेचून झाली, की वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचतात. त्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी लोटायची आणि काळीठिक्कर होईतो उलटीपालटी करायची. मग साल काढून काठवटीत ठेचायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून त्यात कुटायचा, वरून शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि तेलाची सढळ फोडणी. सोबत पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकरी. खाणाऱ्याने शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहायचं नाही आणि आपण कितव्या पुरीवर आहोत ते मोजायचं नाही, हे दोन नियम.

तिसरा नियम आमच्या आप्पांचा होता. बामणोदच्या बाजूला आमचं तीन एकर शेत होतं आणि तिथे भरीत असलं की विस्तवाचं खातं आप्पांकडे असे. जागा ते निवडत, भोवतालचा पाला ते झाडून काढायला लावत, आणि जेवणं झाल्यावर मंडळी बैलगाडीत, पुढे पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बसून ओरडू लागली तरी आप्पा राखेपाशी उकिडवे बसलेले असत. "इस्तवाले पाठ नही दाखवाची," एवढंच म्हणत. थंडीत कुडकुडत वाट पाहणाऱ्या आम्हा पोरांना हा शुद्ध हट्टीपणा वाटायचा.

सहा वर्षांपूर्वी ते शेत विकलं. वसाहतीत घर बांधायचं होतं, मुलीचं शिक्षण होतं, आणि आप्पांचे गुडघे गेले होते. व्यवहार हिशेबाने बरोबर होता. मी स्वतःच तो तीनदा मांडून पाहिला होता. आप्पांनी कागदावर सही केली, पेनाला टोपण लावून पेन मला परत दिलं आणि पुन्हा त्या विषयावर एक शब्द काढला नाही. पण त्यानंतर घरी गॅसवर भरीत झालं की ते निमूटपणे खात आणि "चांगलं झालं" म्हणत. ज्यांच्या घरी खानदेशी वडीलधारी माणसं आहेत त्यांना हे वाक्य किती भयंकर आहे ते सांगायला नको. जेवणाला नावं ठेवणं सोडलं की माणूस घरात पाहुण्यासारखा राहू लागला असं समजावं.

अशात मागच्या डिसेंबरात पुण्याचे आमचे साडूभाऊ आले आणि येताना एक भलंमोठं खोकं घेऊन आले. त्यात बार्बेक्यूची ग्रिल होती. म्हणजे तीन पाय, एक पोटाळं, एक जाळी आणि एक झाकण. जोडायला साडूभाऊंना दीड तास लागला. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. "तो जादाच देतात," असं साडूभाऊ म्हणाले. कॅश जुळवताना पाचशेची नोट जादा निघाली तर बँकेत आम्ही असं म्हणत नाही. पण पाहुण्यांपुढे मी गप्प बसलो.

आप्पा ओट्यावरून हे सगळं पाहत होते. "शेगडी हाये ना ही?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, बार्बेक्यू. कोळशावर भाजायचं. आज गच्चीवर भरीत!"

आप्पांनी 'बरं' अशी मान हलवली. म्हणजे जवळजवळ 'चांगलं झालं'च.

खोक्यात एक पुस्तिका होती. अकरा भाषांत होती. त्यांत मराठी नव्हती. माणूस बँकेतला असला की छापील कागद वाचल्याशिवाय त्याला राहवत नाही, विशेषतः बारीक अक्षरांतला. ग्रिल उघड्यावरच वापरावी. सपाट जमिनीवर ठेवावी. भिंत, छप्पर, कुंपण, झाडं यांपासून दहा फूट लांब ठेवावी. पेटल्यावर हलवू नये. पेट्रोल, स्पिरिट वापरू नये. मुलं आणि जनावरं लांब ठेवावीत. पेटती असताना एकटी सोडू नये. मी वहीची दोन पानं भरून टाचण केलं आणि कर्ज द्यायच्या आधी जागेची तपासणी करतात तशी गच्चीची तपासणी करायला गेलो.

आमची गच्ची वीस बाय तीस. कागदावर ही जागा भरपूर आहे. प्रत्यक्षात एका कोपऱ्यात पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी आहे, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी तापवायचं सौरयंत्र, तिसऱ्यात सौभाग्यवतींच्या कुंड्या आणि त्यांच्यावर ताणलेली हिरवी जाळी. चौथ्या कोपऱ्यात जिना. मधून कपड्यांच्या तारा. या सगळ्यांपासून दहा फूट लांब अशी गच्चीवर एकच जागा निघाली, आणि तिथे सौ.ने चार गोधड्या उन्हाला घातल्या होत्या.

"गोधड्या उचलाव्या लागतील," मी म्हणालो.

"आणि रात्री पुण्याचे पाहुणे काय बार्बेक्यू पांघरून निजणार का?" सौ.ने विचारलं. प्रश्न रास्त होता. गोधड्या खाली गेल्या.

मग मी दुहेरी ताब्याची योजना मांडली. आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. त्याच धर्तीवर चिमटा साडूभाऊंच्या ताब्यात आणि पाण्याची बादली माझ्या ताब्यात राहील, असं ठरलं. मी तसं वहीत लिहिलंसुद्धा. ही व्यवस्था इतकी निर्दोष होती की कोळसा पेटेचना. काड्यांची अर्धी पेटी संपली. साडूभाऊंनी फुंकर घातली, पुठ्ठ्याने वारा घातला, शेवटी त्यांचा चष्मा काळा झाला. पूर्वी घरात रेशनचं रॉकेल तरी असायचं. ते आता नाही.

"स्कूटरमधून चमचाभर पेट्रोल काढू या का?" साडूभाऊ हळूच म्हणाले.

"वांगं भाजाचं हाये का सोताले?"

आवाज जिन्यातून आला. पाठोपाठ आप्पांची काठी आली आणि मग आप्पा. वर्ष-दीड वर्षात ते गच्चीवर आले नव्हते. मध्ये दोनदा थांबून, कठड्याला धरून ते चढले होते आणि आम्हाला पत्ताही नव्हता. वर आल्यावर त्यांनी गच्चीवरून नजर फिरवली. बँकेच्या तपासणीला येणारे अधिकारी फिरवतात तशी नजर. फरक एवढाच की आप्पांना खरोखर काही दिसत होतं.

"पेट्रोलची वाफ पहिले पसरते, मंग पेटते," ते साडूभाऊंना म्हणाले. "तुमी काडी वढाल तवा ती तुमच्या पायाशी आलेली राहील."

साडूभाऊ नकळत दोन पावलं मागे सरले.

त्यानंतर विस्तवाचं खातं पुन्हा आप्पांकडे गेलं. त्यांनी चिमूटभर राख हवेत सोडली. ती थेट कुंड्यांवरच्या जाळीकडे गेली. "वारा सातपुड्याकून हाये. जाळी काढा." जाळी दहा फुटांहून लांब आहे हे मी वही उघडून दाखवलं. आप्पा म्हणाले, "ठिणगीनं वही वाचली का तुही?" जाळी निघाली. ग्रिलच्या खाली विटांचा थर आला, कारण गळती थांबवायला गच्चीवर मारलेला लेप उष्णतेने फुगला असता. हे पुस्तिकेच्या अकराही भाषांत नव्हतं. एका बादलीच्या दोन झाल्या. एक गोणपाट भिजवून कठड्यावर आलं. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून घमेलंभर वाळू आली.

"पाणी असताना वाळू कशाला?" मी विचारलं.

"पाणी बाजूच्यासाठी, वाळू कोळशासाठी. तापल्या कोळशावर भसकन पाणी टाकलं तं वाफ आन् राख तोंडावर येते. भाजणारं वांगं नसते, तोंड असते."

मग आप्पांनी कोळशाचा एक लहानसा ढीग केला, पोटात नारळाच्या शेंड्या खुपसल्या आणि एकच काडी ओढली. पाच मिनिटांत कोळसा धरला. वीस मिनिटांत त्याच्यावर पांढरी साय आली. "आता ठेवा," आप्पा म्हणाले. सौ.ला त्यांनी पदर खोचायला लावला, साडूभाऊंचं ते फुगीर, चकचकीत जॅकेट काढायला लावलं आणि मला बादलीपाशी उभं केलं. माझी नेमणूक तेवढी कायम राहिली.

वांग्यांना टोचे मारून तेलाचा हात लावायचं काम साडूभाऊंकडे होतं. एक वांगं त्यांच्या नजरेतून सुटलं. ते वांगं जाळीवर दहा मिनिटं शांत राहिलं आणि मग त्याने जो आवाज केला, त्याने खालच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी उत्तर दिलं. आतली वाफ कोंडून वांगं फुटलं होतं. ठिणग्यांचा एक झोत उडाला आणि वाऱ्याबरोबर कुंड्यांच्या दिशेने गेला. जिथे तासापूर्वी प्लास्टिकची जाळी होती तिथून तो तरंगत पलीकडे गेला आणि उघड्या फरशीवर पडून विझला. एक ठिणगी काढून ठेवलेल्या जॅकेटवर बसली. तिच्यावर आप्पांनी ओलं गोणपाट टाकलं. मी बादली उचलेपर्यंत सगळं आटोपलं होतं. जॅकेटला वाटाण्याएवढं भोक पडलं होतं. आत साडूभाऊ असते तर, हा विचार सगळ्यांच्या मनात एकाच वेळी आला. विशेष म्हणजे साडूभाऊंच्याही आला. कुणी काही बोललं नाही. आप्पा तर मुळीच नाही. त्यांनी फक्त माझ्या वहीकडे एकदा पाहिलं.

भरीत झालं. पऱ्हाटीच्या जाळाची चव त्याला नव्हती, हे खोटं कशाला सांगू? कोळसा वांग्याला भाजतो. पऱ्हाटी त्याला भाजताना त्याच्याशी चार गोष्टीही बोलते. पण गॅसच्या भरितापेक्षा ते शेताच्या बरंच जवळ होतं. आप्पांनी पहिला घास घेतला, जरा वेळ चघळला आणि म्हणाले, "मिरची कमी हाये. लसूण पण जरा करपला."

सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं म्हणावं तर मिरची कमी होती.

साडेनऊला गारठा वाढला. मंडळी आवरू लागली. हात शेकायला ग्रिल तशीच जिन्याच्या खोलीत नेऊ आणि दार लोटून गप्पा मारू, अशी सूचना साडूभाऊंनी केली. आप्पांनी काठी आडवी धरली. धूर डोळ्यांत जातो तो शत्रू बरा, तो दिसतो. निखाऱ्यातून दुसरा एक निघतो, त्याला ना वास ना रंग, आणि बंद खोलीत तो झोपलेल्या माणसाला पुन्हा उठू देत नाही. त्या दुसऱ्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात एवढी भर मी घातली. माझं रसायनशास्त्र दहावीला संपलं, पण नाव आठवलं. सगळे मुकाट्याने खाली गेले.

आप्पा गेले नाहीत. ग्रिलपाशी खुर्ची ओढून बसले. मी दहाला वर गेलो, सव्वादहाला गेलो, शेवटी त्यांची गोधडी घेऊन गेलो आणि शेजारी बसलो.

"आप्पा, राख झाली की. चला आता."

"पांढरी दिसते म्हणून राख. खाली हाये अजून."

थोडा वेळ आम्ही गप्प बसलो. मग ते म्हणाले, "आपली गंजी जळली होती, तुले याद हाये?"

होती. मी चौथीत होतो. शेतातली कडब्याची गंजी रात्री पेटली होती आणि आम्ही गावातून तो उजेड पाहिला होता. सालदाराच्या बिडीने आग लागली असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो सालदार काम सोडून गेला. मला तो आवडायचा. मला पेरूच्या फांदीची गलोल करून देणारा तोच.

"बिडी नव्हती ती," आप्पा म्हणाले. "त्या दिशी भरीत होतं. पाव्हणे होते. पुऱ्या निंघाल्या, हाक आली, मी उठलो. राख पांढरी दिसत होती."

मला काय बोलावं सुचेना. "मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"लोक म्हणे बिडी. मी गप बसलो." आप्पांनी चिमट्याने राख उकरली. खाली खरंच लाल होतं. त्यांनी त्यावर मूठभर वाळू टाकली. "दोन वर्सांनी गेलो त्याच्या गावी. सांगितलं त्याले. तं तो हासला. म्हणे, मले मालूम होतं. म्हणे, आप्पा, मी तं तंबाखू खातो. बिडी वढलीच नही कवा."

गावातल्या एवढ्या शहाण्या माणसांपैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. तेव्हा बिडी सोयीची होती.

"परत आला तो?"

"नही. पन च्या पाजला मले."

बँकेत एक नियम आहे. दिवसाची कॅश जुळल्याशिवाय कॅशियरने जागा सोडायची नाही. बाहेर लग्नाची वरात थांबलेली असो, शेवटची एसटी निघून जावो. शिल्लक मिळाली पाहिजे. हा नियम रिझर्व्ह बँकेने काढला की त्याच्याही आधी कुणी, ते मला माहीत नाही. पण इतकी वर्षं तो पाळताना मी मनातून कुरकुरत आलो आहे. बैलगाडीत बसून आप्पांच्या नावाने ओरडताना कुरकुरत होतो तसाच.

साडेअकराला आप्पांनी हाताची पालथी बाजू राखेजवळ नेली, मग हळूच राखेवर टेकवली. मग माझा हात धरून तसाच टेकवला. राख गार होती. घरात झोपलेल्या माणसाच्या कपाळाएवढी.

"जुळली?" आप्पांनी विचारलं.

"जुळली," मी म्हणालो.

मी त्यांना धरून खाली उतरवलं. जिन्यात ते दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबल्यावर म्हणाले, "पुढच्या खेपेले पऱ्हाट्या आन थोड्या. कोनाच्या बांधावरून माग. इकत नको आनू."

दुसऱ्या दिवशी मी शाखेत दहा मिनिटं आधी गेलो, त्या लाल नळकांड्यावरच्या पिशव्या काढायच्या खुंटीचा बंदोबस्त केला आणि चित्रं पहिल्यांदा वाचली. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, मग दाबा. बुडाशी, शेंड्याशी नाही. आप्पांना हे कुणी छापून दिलं नव्हतं.

साडूभाऊ ग्रिल आमच्याकडेच ठेवून गेले. तो उरलेला स्क्रू कुठला होता, ते अजून सापडलेलं नाही. आप्पा रोज एकदा ग्रिलभोवती काठी टेकत फिरतात आणि तो शोधतात.